चिखलाचे टायर

“ह्यांना सांगा, रोडचे टायर बसवायचेत,” आबासाहेब दुकानदाराला म्हणाले.

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. मधे फक्त टायरांची एक चवड होती. पण ते माझ्याशी बोलत नव्हते.

“रियाजभाई, तुम्ही त्यांना सांगा,” मीही दुकानदाराकडंच बघून म्हणालो, “गाडी जिची आहे तिनं चिखलाचे सांगितलेत. तेच बसवायचे.”

रियाज मणेरनं आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा माणूस. कोल्हापूरच्या बाहेर हायवेला लागून त्याचं टायरचं दुकान होतं, आणि एखाद्या गाडीला चाकं शोभून दिसली की त्याला मनापासून आनंद व्हायचा. त्या सकाळी मात्र त्याला काय चाललंय ते कळेना.

“तुम्ही दोघं एकाच गाडीतनं आलाय ना?”

“हो,” मी म्हणालो.

आबासाहेबांनी पांढऱ्या शर्टाच्या खिशातला फोन काढला, बघितला, परत खिशात ठेवला. माझा फोन हातातच होता. घामानं त्याची काच ओली झाली होती.

बाहेर पिकअप उभी होती. दुहेरी केबिनची, चारही चाकांना ताकद मिळणारी, मागं जनावर उभं करायला लोखंडी सांगाडा. पंधरवड्यापूर्वी तिची उंची वाढवून घेतली होती, पण टायर जुनेच होते, बारके. धोतर गुडघ्याच्या वर खोचून ओढ्यात उतरायला निघालेल्या माणसासारखी ती दिसत होती.

ती माझ्या बायकोची गाडी. यशोधरा जनावरांची डॉक्टर. आम्ही गारगोटीला राहायचो. तिथून पुढं राधानगरीच्या जंगलाच्या कडेनं जे धनगरवाडे आहेत, तिथल्या म्हशी-शेळ्यांकडं सरकारी डॉक्टर वर्षातून एखाद्या वेळी फिरकायचा. ही आठवड्याला जायची. वाट कसली, जांभ्या दगडाचे उंचवटे आणि मधे लाल चिखल. मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत होतो. दिवसभर दुधाच्या नळ्या हलवायच्या आणि संध्याकाळी दाराबाहेर गाडीचा आवाज येतोय का ते ऐकत बसायचं, असा माझा संसार होता.

आबासाहेब, म्हणजे हिंदुराव इंगवले, तिचे वडील. हातकणंगल्याच्या बाजूला त्यांचं गाव. उसाची शेती, गावात शब्दाला वजन. आमचं रजिस्टर लग्न होऊन चार वर्षं होत आली होती. मी त्यांच्या जातीचा नव्हतो. कारण एवढं एकच होतं, आणि त्यांना ते पुरेसं होतं. लग्नानंतर त्यांनी मुलीशी बोलणं सोडलं. माझ्याशी त्यांनी कधी सुरूच केलं नव्हतं.

आणि त्या सकाळी, दुकानापासून जवळच असलेल्या हॉस्पिटलात, यशोधराला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. तिची एक किडनी काढून तिच्या आईला बसवणार होते. मामींचं, म्हणजे माझ्या सासूचं, डायलिसिस दोन वर्षं चाललं होतं आणि आता शरीर दाद देईना झालं होतं. मुलगा ऑस्ट्रेलियात, त्याचा रक्तगट जुळत नव्हता. आबासाहेबांना मधुमेह. राहिली यशोधरा. शेजारशेजारच्या दोन थिएटरांत आम्हा दोघांच्या बायकांची ऑपरेशनं होती आणि आम्ही दोघं टायरच्या दुकानात भांडत होतो.

तिनंच मला पाठवलं होतं. स्ट्रेचरवर आडवी असताना, डोक्याला ती हिरवी टोपी, हातात सुई, आणि मला म्हणाली, “तू इथं बसून नखं खाणार. त्यापेक्षा रियाजभाईंकडं जा. मी वेळ घेतलीय आजची.”

“आज? यशू, आज कशाला?”

“आजच. बाहेर आले की मला गाडी तयार पाहिजे. चिखलाचे टायर. सोळाची रिम, एकतीस इंची टायर. आणि रिम बाहेर काढू देऊ नकोस, रियाजभाईंना शो लई आवडतो.”

“बरं.”

“सांग परत.”

मी परत सांगितलं. तिनं मान हलवली. मग तिनं माझ्या खांद्यावरून मागं बघितलं. तिथं आबासाहेब खिडकीशी उभे होते, बाहेर बघत. स्ट्रेचर हलला. ते वळले तोवर दार मिटलं होतं.

त्यानंतर ते कॉरिडॉरमधून सारखे येरझाऱ्या घालत राहिले. एका नर्सवर ओरडले, मग दुसऱ्या नर्सवर. शेवटी मोठ्या सिस्टर आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “साहेब, इथं एकच माणूस थांबवा. बाकीच्यांनी कुठंतरी जाऊन या. काही असलं तर फोन करू.” मामींची बहीण शकूमावशी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर अशी बसली होती की तिला कुणी उठवू शकलं नसतं. म्हणून मी खाली आलो. पिकअप सुरू केली, तर दुसरं दार उघडलं आणि आबासाहेब आत चढून बसले. “चला,” म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. रस्ताभर आम्ही दोघंही पुढच्या काचेतनं समोर बघत होतो.

“आधी रिम तर ठरवू,” रियाज म्हणाला. त्याला भांडणाच्या बाजूनं जायचं नव्हतं. त्यानं काळी चकचकीत अलॉय रिम आणून फरशीवर उभी केली. “ही बघा. ही लावली की चाक चार बोटं बाहेर येतंय. लांबनं बघितलं तर वाघ उभा राहिल्यागत वाटतंय!”

“बाहेर नको,” मी म्हणालो. “आतच बसणारी द्या.”

“अहो, एवढी उंच केलीय गाडी, मग जरा रुंदी नको?”

“बाहेर आलेलं चाक खडकाला घासतं. बेअरिंगवर ताण येतो.” हे मी यशोधराचंच बोलत होतो, शब्दाला शब्द. मला गाडीतलं काही कळत नव्हतं.

आबासाहेबांनी रिमवर बोटाचं पेर आपटून आवाज ऐकला. मग रियाजला म्हणाले, “कशाला नवीन? जुन्या काय वाईट आहेत?”

“जुन्या पंधराच्या आहेत साहेब. आणि एका रिमला पोचा पडलाय, बघा की. दगडावर आपटलीय.”

“आपटणारच. तिथं माणसं जातात का?”

हेही माझ्यासाठी होतं. तेवढ्यात माझा फोन वाजला आणि आम्ही तिघंही दचकलो. रियाजला तर काही माहीत नव्हतं, तरी तोही दचकला. संघातला सहकारी होता. कुठली तरी किल्ली कुठं ठेवलीय विचारत होता. मी सांगितली आणि फोन ठेवला. आबासाहेब माझ्या तोंडाकडं बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदाच. मी मान हलवली, काही नाही म्हणून. त्यांनी नजर काढून घेतली.

साध्या काळ्या, आत बसणाऱ्या लोखंडी रिम ठरल्या. त्याला दोघांचाही विरोध नव्हता. मग परत टायर.

रियाजनं तीन टायर ओळीनं उभे केले. एक रोडचा, गुळगुळीत अंगाचा, बारीक रेघांचा. एक चिखलाचा, नांगरलेल्या रानासारखा, ज्याच्या खाचेत अख्खं बोट जाईल असा. आणि एक मधला.

“असं करा,” तो मधल्यावर हात ठेवून म्हणाला, “साहेबांचंही राहिलं, तुमचंही राहिलं. हा रस्त्यावर पण चालतो, कच्च्यात पण चालतो. निम्मी गिऱ्हाइकं हाच नेतात.”

“नको,” मी म्हणालो.

“न्हाई,” आबासाहेब म्हणाले.

एवढ्या एका गोष्टीवर आमचं जमलं. रियाजनं कपाळावरचा घाम पुसला.

तेवढ्यात शकूमावशीचा फोन आला. मी धावत बाहेर गेलो, हायवेच्या कडेला. ट्रक जात होते, काही ऐकू येत नव्हतं. मावशी सांगत होती की आता थोरलीलाही, म्हणजे मामींनाही, आत घेतलंय, यशूचं चाललंय, डॉक्टर काही बोलत नाहीत. “तुम्ही जेवून घ्या,” असंही म्हणाली. मी फोन ठेवला, पण आत न जाता चहाच्या गाड्यापर्यंत गेलो, चहा न घेता परत फिरलो. परत गेलो. कुठंतरी चालत राहिलो की वेळ पुढं सरकतो असं मला वाटत असावं. यशोधराला माझी ही खोड माहीत होती.

परत आलो तर गाडी जॅकवर होती आणि डाव्या बाजूची दोन्ही चाकं बसून झाली होती. रोडचे टायर.

“हे कुणी सांगितलं?”

“साहेब म्हणाले, तुमचं ठरलंय,” रियाज म्हणाला, आणि माझा चेहरा बघून दोन पावलं मागं सरकला.

मी वळलो. आबासाहेब खांबाला टेकून उभे होते.

“काढायला सांगा,” मी म्हणालो. थेट त्यांना.

“न्हाई,” ते म्हणाले. थेट मला.

“तिनं चिखलाचे सांगितलेत.”

“तिला काय कळतंय? एकच किडनी राहणार आता पोरीला. परत त्या डोंगरात जाणार? म्हशीची लाथ बसली म्हंजे? खडकावरनं गाडी उलटली म्हंजे?” त्यांचा आवाज चढत गेला. “मी गाळा बघितलाय हायवेला. आमच्या गावाजवळ. तिथं दवाखाना घालू दे तिला. जनावरं येतील तिच्याकडं.”

“तिला विचारलंत?”

“त्यात विचारायचं काय?”

“धनगरवाड्यावरची अडलेली म्हैस हायवेला चालत येणार आहे?”

“न्हाई आली तर मरू दे!”

दुकानातले फिटर थांबले. कोपऱ्यात रेडिओ चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

“डॉक्टर म्हणालेत,” मी जरा हळू बोललो, “तीन-एक महिन्यांनी ती सगळं करू शकेल. मूलबाळही होऊ शकतं. लाखो माणसं एका किडनीवर जगतात.”

“डॉक्टर म्हणतात! त्यांची पोरगी आत आहे का?”

खरं सांगायचं तर मलाही ती डोंगरात जायला नको होती. आदल्या आठवड्यात मी झोपेतून उठून बसायचो आणि तिच्या पाठीकडं, डाव्या कुशीकडं बघत राहायचो. ते दोन बसलेले रोडचे टायर बघून एक क्षण माझ्या मनात आलं होतं, राहू देत. भांडलो मी, पण मनातनं अर्धा त्यांच्याच बाजूचा होतो.

आबासाहेबांनी खांब सोडला आणि ते टायरांच्या एका बुटक्या चवडीवर बसले. एवढा ताठ माणूस, पण बसताना त्यांना चवडीला हात लावावा लागला.

“माझ्या दारात आली होती ती,” ते म्हणाले.

“मला माहीत आहे.”

“तुम्हाला न्हाई माहीत.” त्यांनी गळ्यातला टॉवेल काढून हातात घेतला. “मी सोप्यात बसलो होतो. सकाळची वेळ. बघतो तर ही. चार वर्षांनी. पायरीच्या खाली उभी राहिली, पायताणसुद्धा काढलं न्हाई तिनं. म्हणाली, आबा, आईला माझी किडनी जुळती म्हणतात. देऊ का?”

फिटर लोकांनी आता माना खाली घातल्या होत्या.

“मी हो म्हणालो,” आबासाहेब म्हणाले. “पोरीला आत ये म्हणालो न्हाई. बस म्हणालो न्हाई. पाण्याचा तांब्या न्हाई. ती विचारती, किडनी देऊ का, आणि मी आहे तिथंच बसून हो म्हणालो. आणि ती वळून गेली.”

ते टॉवेलाची घडी घालत राहिले. घातलेली घडी मोडत, परत घालत.

मला ती सकाळ आमच्या बाजूनं आठवली. यशोधरा घरी आली, मोरीत बराच वेळ तोंड धुत राहिली आणि मग म्हणाली, “आबा हो म्हणाले. फार खराब झालेत रे.” बस, एवढंच. त्यापुढचं तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी तिनं एक फोन केला होता, तो माझ्यासमोर केला होता. त्याचा अर्थ मला तोवर कळला नव्हता. तो मला तिथं, त्या दुकानात, बोलता बोलता कळला.

“गाडी उंच कधी केली, ठाऊक आहे तुम्हाला?” मी विचारलं.

“तुमचा काहीतरी शौक असंल.”

“माझा? मला पंक्चर काढता येत नाही. तिनं केली. दोन वर्षं नुसतं करू-करू म्हणत होती. पुढच्या वर्षी बघू म्हणायची. तुमच्या दारातनं परत आली आणि दुसऱ्या दिवशी तिनं गॅरेजवाल्याला फोन लावला. म्हणाली, या महिन्यात करून द्या. मला वाटलं, मन रमवतेय. मग ऑपरेशनची तारीख कळली. तिनं इथं फोन करून टायरसाठी तीच तारीख मागितली. आबासाहेब, ती घाबरलीय. आपण जेवढे घाबरलोय तेवढीच. आत जाताना तिनं बाहेर एक काम चालू ठेवलंय, म्हणजे परत यावंच लागेल. आणि परत आल्यावर तिला हे टायर दिसले तर ती काय समजेल? डोंगरातलं आपलं काम संपलं, असंच ना?”



हायवेवरून गाड्या जात राहिल्या. आबासाहेबांनी टॉवेलानं तोंड पुसलं, सगळं, कपाळापासून मानेपर्यंत, शेतातून आलेला माणूस पुसतो तसं. मग उठले.

“काढ रे ते,” ते फिटरला म्हणाले. “आणि ते खडबडीत चढीव. चारी.”

“पाच लागतील, साहेब,” रियाज हलक्या आवाजात म्हणाला. “स्टेपनी पण एकाच मापाची पाहिजे.”

“मग पाच.”

रियाज माझ्याजवळ आला. “डॉक्टरमॅडम आत आहेत आणि तुम्ही मला सांगितलं नाही? मी आपला वाघ दाखवत बसलो.” त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पाना स्वतःच्या हातात घेतला.

पुढचा तासभर आम्ही काहीतरी करत होतो, आणि त्यामुळं तो सहन झाला. टायर रिमवर चढताना धाडकन आवाज करून बसायचा, तेव्हा दर वेळी आबासाहेबांचे खांदे उडायचे. एकदा त्यांनी खाचेत बोट घालून बघितलं. “ह्यात माती अडकून बसंल की.”

“नाही साहेब. चाक फिरलं की माती फेकली जाती. त्यासाठीच एवढ्या खाचा. रस्त्यावर जरा घुमल्यागत आवाज येईल, तेवढंच.”

“आवाज येऊ दे. लांबनं कळंल, आली म्हणून.”

चाकं बसली, गाडी जॅकवरून खाली आली. आता ती गाडी दिसत होती. रियाज म्हणाला, स्टिअरिंग पूर्ण वळवून बघायला हवं, मोठा टायर आतल्या पत्र्याला घासतो कधीकधी. मी वर चढून बसलो आणि डावीकडं पूर्ण वळवलं. खाली बघतो तर आबासाहेब फरशीवर गुडघे टेकून वाकले होते. ऑइलनं काळी झालेली फरशी आणि त्यांची ती पांढरीशुभ्र विजार. फोनचा उजेड त्यांनी चाकाच्या आत मारला होता.

“साहेब, मी बघतो,” रियाज म्हणाला.

“थांबा. मी बघतोय.” मग वर न बघता मला, “अजून वळव.”

मी वळवलं.

“लागतंय. प्लॅस्टिकला लागतंय हितं. आता दुसरीकडं वळव.”

त्यांच्या तोंडून ‘वळव’ आलं होतं, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. रियाजनं आतल्या प्लॅस्टिकचा कोपरा सुरीनं कापून टाकला. आबासाहेब परत वाकले, परत वळवायला लावलं, आणि तेव्हाच त्यांच्या हातातला फोन वाजायला लागला. उजेड चालू, फोन वाजतोय, आणि त्यांना तो कानाला लावायचं सुचेना. त्यांनी तो तसाच माझ्याकडं वर धरला.

मी फोन घेतला. शकूमावशी रडत होती. क्षणभर मला वाटलं सगळं संपलं. मग तिचे शब्द आले. “यशू बाहेर आली. चांगली आहे. डोळं उघडून बघितलं तिनं. चांगली आहे रे सुगत!”

“आणि तिची आई?” खालून आबासाहेबांनी विचारलं. मी मावशीला विचारलं.

“थोरलीचं चाललंय अजून.”

हॉस्पिटलकडं जाताना गाडी खरंच घुमत होती. मला खांद्यापर्यंत ती थरथर जाणवत होती. आबासाहेबांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला होता आणि सिग्नलला थांबलो की त्यांच्या बोटांचा ताल चालू व्हायचा. “जाऊ दे की,” ते लाल दिव्याला म्हणत होते. “जाऊ दे की बाबा.”

मामींचं दुपार कलेपर्यंत चाललं. आम्ही वरच्या मजल्यावर गेलो तर मोठ्या सिस्टरनी या वेळी काही म्हटलं नाही. कॉरिडॉरमध्ये बसायला जागा होती, तरी आम्ही दोघं एकदम कधी बसलो नाही. एक बसला की दुसरा उठायचा. नवीन किडनी बसवली की ती काम करतेय हे एका गोष्टीवरून कळतं, आणि कधी ती गोष्ट तिथं टेबलावरच घडते, कधी दिवस लागतात, कधी घडतच नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला आधी समजावून ठेवलं होतं. शेवटी दार उघडलं. तरुण सहायक डॉक्टर बाहेर आली. तिनं मास्क खाली ओढला आणि शकूमावशीच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं, कारण मावशीनंच तिचा हात धरला होता.

शकूमावशी त्या शांत कॉरिडॉरमध्ये ओरडली, “अहो, थोरलीला लघवी झाली! भरपूर झाली!”

समोरच्या बाकावरची अनोळखी माणसं वळून बघायला लागली. आबासाहेब आधी नुसते उभे राहिले, मग हसायला लागले. आवाज न करता, पोट धरून हसत होते, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी ती घेतली आणि तोंड लावून प्यायले. लग्नाआधी यशूच्या तोंडून आमच्या वस्तीचं नाव कळल्यावर ज्यांनी पुढचा एकही प्रश्न विचारला नव्हता, ते हेच गृहस्थ होते. मला तो विचार आला आणि मी तो तिथंच सोडून दिला.

संध्याकाळी यशोधराला भेटायची परवानगी मिळाली. एका वेळी एकच माणूस. सिस्टरनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “यांना जाऊ दे आधी.”

दाराला गोल काच होती. त्यातून मला दिसलं, आबासाहेब खाटेच्या पायथ्याशी बराच वेळ उभे राहिले. मग बाजूनं फिरून तिच्या उशाशी गेले. वाकले. त्यांचे ओठ हलत होते. तिचा सुई लावलेला हात चादरीवरून जरा वर उचलला गेला आणि त्यांच्या बाहीला लागला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. तिनं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांवरचे ऑइलचे काळे डाग मला पहिल्यांदा दिसले. दिवसभर ते तसेच फिरत होते.

मी आत गेलो तेव्हा ती अर्धवट झोपेत होती. “झालं?” तिनं विचारलं.

“झालं. पाचही.”

“आबा काय करत होते?”

“गाडीखाली होते.”

तिला ते खरं वाटलं नसावं. ती तशीच झोपी गेली.

मामी त्यानंतर बरीच वर्षं जगल्या, आणि शेवटी गेल्या त्या वेगळ्याच आजारानं. यशोधरा पावसाळा सरल्यावर परत धनगरवाड्यावर जायला लागली. पहिल्या दिवशी मी रजा काढून तिच्याबरोबर गेलो आणि गाडीत इतका घट्ट धरून बसलो की तिनं मला दुसऱ्या खेपेला नेलंच नाही. हायवेच्या गाळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. आमचं सगळं सुरळीत झालं असंही नाही. आबासाहेबांच्या भावकीतल्या काही दारांतून आम्हाला आजही बोलावणं येत नाही. पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं.

दिवे लागायची वेळ. आम्ही दोघं हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसलो होतो. शकूमावशी वर होती. दिवसभरात आम्ही काहीच खाल्लं नव्हतं, आणि आता आबासाहेबांनी कुठूनतरी दोन वडापाव आणले होते. एक कागदासकट माझ्या हातात दिला. आम्ही खात होतो. समोरच्या रस्त्यावरून माणसं घरी चालली होती.

“तुझी आई कुठं असती?” त्यांनी एकाएकी विचारलं.

चार वर्षांत हे पहिल्यांदा विचारलं गेलं होतं. “गारगोटीलाच,” मी म्हणालो. “आमच्याजवळच. वडील नाहीत. ती एकटी आहे घरी.”

“तिला कळवलंस?”

मी थबकलो. दुपारी मावशीचा फोन आल्यापासून मला आईचा विचारही सुचला नव्हता. यशोधराला ती सुनेसारखं कमी आणि मैत्रिणीसारखं जास्त वागवायची. सकाळी आम्ही निघताना तिनं यशोधराच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली होती.

“नाही,” मी म्हणालो. “राहूनच गेलं.”

“अरे, मग लाव की फोन! वाट बघत बसली असंल ती माउली.”

मी फोन लावला. पहिल्याच घंटेला आईनं उचलला. दिवसभर फोन हातात धरून बसली असणार. “सुगत?” तिचा आवाज एवढासा झाला होता. “बोल बाबा. काय ते बोल.”

मी तोंड उघडलं आणि मला बोलता येईना. आई पलीकडून “सुगत? सुगत?” करत रडायला लागली.

आबासाहेबांनी वडापावचा कागद पायरीवर ठेवला. हात विजारीला पुसले. मग माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि कानाला लावला. घसा साफ केला.

“नमस्कार, विहीणबाई,” ते म्हणाले. “मी यशूचा बाप बोलतोय. रडू नका. आपली पोरगी सुखरूप आहे.”